रक्ताची डिग्री

डॉक्टरांनी दिवसाला दोन पेले पाणी सांगितलं होतं, आणि मी माझ्या मुलीला एका दुपारात दोन शहाळी आणि वर तांब्याभर पाणी पाजलं.

तिचं वय सहा. तिची मूत्रपिंडं तेव्हा जेमतेम चालत होती. मी शुद्धीवर होतो, दारू मी पीत नाही, आणि असं कर म्हणून मला कुणी सांगितलंही नव्हतं. उलट करू नको असंच सगळ्यांनी बजावलं होतं. तरी केलं. का केलं ते कळायला आधी माझा धंदा कळला पाहिजे, कारण हा गाढवपणा मिठागरातल्या माणसालाच सुचू शकतो. भात लावणाऱ्याला सुचला नसता. कोळ्याला तर नाहीच नाही.

उरणच्या बाजूला खाडीकाठच्या एका मिठागरात मी पाण्याची डिग्री बघायचो. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी दारातून, आत घ्यायचं. या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत ते उन्हात आटवायचं. आणि आटता आटता ते किती खारं झालं हे काचेची एक नळी त्यात तरंगवून बघायचं. नळीच्या बुडाशी शिशाचे छर्रे, वर मानेवर आकडे. पाणी जितकं खारं तितकी नळी वर उचलली जाते. समुद्राचं पाणी तीन डिग्री. पंचविसाला मीठ धरतं. तिशीच्या घरात गेलं की मिठाला कडवटपणा येतो. मग उघाडी उचलायची, नवं पाणी आत सोडायचं, डिग्री खाली येते. एवढंच शास्त्र. एवढ्यावर मी बारा वर्षं पगार खाल्ला होता. त्या नळीमुळे मिठागरात माझी इतकी इज्जत, की जगात जे जे पातळ आहे ते ते आपल्याला कळतं असा माझा समज झाला होता.

साल साठच्या पुढचं. पौषात मुलीचा घसा सुजला. ताप आला, गिळता येईना. बायकोनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. मिठाला आमच्याकडे तोटा नव्हता. चार-पाच दिवसांत ताप गेला, मुलगी पुन्हा बांधावरून धावायला लागली, आम्ही विसरलो.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा हा असा फुगलेला. डोळ्यांच्या नुसत्या फटी.

"काय गं," मी म्हणालो, "झोपेत गालात लाडू कोंबलेस काय?"

ती हसली. हसल्यावर ज्या काय फटी होत्या त्याही मिटल्या. मला फार मौज वाटली. मी तिला उचलून आरशासमोर धरलं, मग ओटीवर नेलं, शेजाऱ्यांना दाखवलं. "बघा, शेठाणी आली." सगळे हसले. माझ्या बायकोला हसू आलं नाही. ती परसातून आली होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तिची लगवी बघितली का तुमी? बांगडे धुतल्यावर ताटलीत पानी ऱ्हातं ना, तशी हाय."

माझं तोंड हसण्यासाठी उघडलेलं होतं ते तसंच राहिलं.

कारण हे मी आधी पाहिलेलं होतं. स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण अशीच सुजली होती. शाळेत साखर वाटली, ती तिनं फुगलेल्या मुठीत घरापर्यंत जपून आणली होती. सगळे म्हणाले, पोर अंगानं भरली. आईनंही म्हटलं. मीही म्हटलं; मी तेव्हा मोठा होतो, कळायला हवं होतं. ती भरतच गेली. गणपती बसायच्या आत गेली. आणि आता माझीच मुलगी तसंच तोंड घेऊन माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला आळीभर मिरवून आलो होतो.

तालुक्याच्या गावी एक म्हातारे डॉक्टर होते. बोलणं तुसडं, पण हात चांगला. त्यांनी मुलीची लघवी काचेच्या नळीत घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. वरचा भाग उकळला आणि बघता बघता पांढरा झाला. अंडं उकडताना होतं तसा.

"हे पांढरं रक्तात राहायला हवं," ते म्हणाले. "चाळणीतून गळतंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. घशात जंतू आले. रक्तानं त्यांच्याशी भांडायला आपली माणसं उभी केली, अँटिबॉडी म्हणतात त्यांना. जंतू गेले, पण त्या भांडणाचा राडारोडा मूत्रपिंडांच्या चाळणीत जाऊन बसला.

"बरी होईल ना?" बायकोनं विचारलं.

"बहुतेक मुलं होतात."

"आन बाकीची?"

डॉक्टरांनी दिवा विझवला. "काही लवकर जातात. काही वरवर बरी दिसतात आणि मोठेपणी मूत्रपिंडं आटून जातात. ही कुठल्यातली, ते मला आज सांगता येणार नाही. रक्त मुंबईला तपासायला पाठवू. घशातल्याच जंतूचं हे काम आहे का, तेवढं त्यावरून कळेल."

या सगळ्यातलं मी नेमकं एकच डोक्यात घेऊन बाहेर पडलो: मूत्रपिंडं आटतात, आणि रक्तावरून कळेल. आटणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पथ्य असं की मीठ बंद. पूर्ण बंद. पाणी मोजून. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल तेवढं, आणि वर एक पेला. लघवी दिवसभर बाटलीत साठवायची. ती इतकी थोडी व्हायची की सगळं मिळून हिशेब दोन पेल्यांवर येऊन थांबायचा. बायकोनं देवघरातला पितळी पेला काढला आणि त्या दिवसापासून पाण्याच्या हंड्यावर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवला.

मीठ बंद करणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं मिठागराच्या बांधावर घर करून बघावं. आमच्याकडे वाऱ्याला मीठ, कवाडाच्या कडीला मीठ, दोरीवर वाळलेल्या कपड्याला मीठ. मी संध्याकाळी घरी यायचो तो दंडापर्यंत पांढरा होऊन. अळणी भात आणि अळणी मुगाचं पाणी खाऊन कंटाळलेली माझी मुलगी एकदा माझ्या मांडीवर येऊन बसली. मला वाटलं, बापाची माया. मी डोक्यावरून हात फिरवत बसलो. थोड्या वेळानं कोपराला ओलं लागलं. ती माझा हात चाटत होती.

"बाबा, तुझा हात मस्त लागतो," ती म्हणाली.

बायकोनं ते ऐकलं. तेव्हापासून मला घरात शिरण्याआधी विहिरीवर आंघोळ सक्तीची झाली. थंडीत, उघड्यावर, सगळ्या आळीदेखत. मी कुडकुडत आत आलो की ती माझा दंड बोटानं पुसून बघायची.

पहिलं रक्त मुंबईला मीच नेलं. डॉक्टरांनी नळी कापसात गुंडाळून थर्मासात ठेवून दिली. मोऱ्याच्या धक्क्यावरून सकाळची लाँच धरली. थर्मास मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. शेजारचा माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "घोटभर चहा मिळेल का?"

"यात माझ्या मुलीचं रक्त आहे," मी म्हणालो.

तो उठला आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत उभ्यानं आला.

तीन दिवसांनी पुन्हा जाऊन कागद आणला. तपासणीच्या खिडकीतला माणूस कागद सरकवून दुसऱ्याकडे वळला. कागदावर इंग्रजी होतं, आणि एक आकडा: तीनशे तेहतीस. आकडे मला वाचता येतात. खरं म्हणजे मला दुसरं काही येतच नाही.

"किती असायला पाहिजे?" मी खिडकीत विचारलं.

"दोनशेच्या आत."

"मग हे जास्त आहे?"

"जास्त आहे."

"जास्त आहे म्हणजे काय?"

"जास्त आहे म्हणजे जास्त आहे. पुढचे या."

डॉक्टरांनी कागद बघितला, मान हलवली, म्हणाले, "घशातलंच आहे. ठीक. आठवड्याभरानं आणखी एकदा बघू." त्यांच्या तोंडावर काळजी दिसली नाही, पण डॉक्टरांच्या तोंडावर कधीच काही दिसत नसे. मी ते "ठीक" तिथंच टाकलं आणि तीनशे तेहतीस घरी घेऊन आलो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आकडा फिरायला लागला. बांधावर चालताना, जेवताना, विहिरीवर थंड पाणी अंगावर घेताना. मुलगी झोपलेली असली की मी तिच्या घोट्यावर बोट दाबून बघायचो. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ओल्या चिखलात पडतो तसा. मी मनात मोजायचो, किती वेळात भरतोय. कधी वीस. कधी तीस मोजूनही भरायचा नाही. माझ्या बहिणीच्या पायावर आई असंच बोट दाबायची हे मला आठवायचं, आणि मी हात मागे घ्यायचो, आणि पुन्हा दाबायचो.

मग मी ती गोष्ट केली जी बायकोनं पुढे आयुष्यभर पाहुण्यांना सांगितली. मिठागरातली नळी मी धोतरात लपवून घरी आणली. बाटलीतली मुलीची दिवसभराची लघवी बांबूच्या नळकांड्यात ओतली आणि त्यात नळी सोडली.

नळी डुलली आणि उभी राहिली. तीन.

तीन म्हणजे समुद्र. माझ्या मुलीच्या पोटात समुद्राचं पाणी होतं आणि ते आटायला लागलेलं होतं. मी तिथंच परसात बसलो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की कुठल्याही धडधाकट माणसाची लघवी सकाळी तेवढी भरू शकते, तुमची स्वतःची मोजायची होतीत. ते मला सुचलं नव्हतं. मी तिथं बसलेला असताना बायको बाहेर आली. नळकांडं बघितलं, नळी बघितली, मला बघितलं.

"ही तीच नली का, जी तुमी मिठाच्या पान्यात घालता?"

"धुऊन घालीन," मी म्हणालो.

मला वाटतं तिला रडायचं होतं की हसायचं होतं हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

दुसरं रक्त गेलं. कागद आणायला मीच गेलो. सहाशे पंचवीस.

परतीच्या लाँचवर मी तो आकडा किती वेळा वाचला देव जाणे. आठवड्यात जवळजवळ दुप्पट. मुलीची सूज तशीच, लघवी तशीच बाटलीच्या बुडाशी, आणि रक्तातला आकडा चढत चाललेला. मिठागरात असं चढायला लागलं की पुढं काय होतं ते माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ होतं: आधी कडेनं साय धरते, मग तळाशी खडे बसतात, मग फावडं लावावं लागतं. मला तिच्या मूत्रपिंडांत खडे बसताना दिसत होते. खाडीवर ऊन लखलखत होतं आणि मला हुडहुडी भरली होती.

धक्क्यावरून तडक डॉक्टरांकडे गेलो. दाराला कुलूप. पुतणीच्या लग्नाला अलिबागेला गेलेले, उद्या सकाळी येणार. तिथंच पायरीवर मुक्काम ठोकला असता तर माझी इज्जत आणि मुलीचा जीव दोन्ही सुखरूप राहिले असते. पण मी मिठागराच्या वाटेनं घरी निघालो. बांधावर आमचा म्हातारा मुकादम भेटला. पन्नास वर्षं मिठात घालवलेला माणूस; पायाच्या भेगांत मीठ जाऊन भेगाच पांढऱ्या झालेल्या. मी मुलीचं काही बोललो नाही. नुसतं विचारलं, "आठवड्यात डिग्री दुप्पट झाली तर काय करायचं हो?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. बारा वर्षांच्या अनुभवी माणसानं हे विचारावं याचं त्याला नवल वाटलं असावं.

"उघारी उचल, पानी सोर," तो म्हणाला. "यात इचारायचं काय?"

त्याचा काही दोष नाही. त्यानं मिठाचं उत्तर दिलं. मी ते उत्तर घेऊन मुलीकडे गेलो.

बायको घरी नव्हती. विहिरीवर धुणं घेऊन गेली होती. मुलगी उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले. दोन आठवडे होत आले, ती दोन पेल्यांवर होती. मी हंड्यावरचा वरवंटा उचलला. त्याचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले.

"बाबा, पानी?"

"पाणी," मी म्हणालो.

आधी शहाळं दिलं. शेजारच्या वाडीतून दोन मागून आणली होती. औषधी म्हणून शहाळं. मी काही अगदीच अडाणी नव्हतो. ती ज्या तहानेनं प्यायली ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरंही प्यायली. मग तांब्या. मध्ये थांबली, दम घेतला, पुन्हा तोंड लावलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनातल्या मनात आकडा खाली आणत होतो. सहाशे. पाचशे. चारशे. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं. रिकामी शहाळी मी मागच्या बाजूला फेकली, वरवंटा जागेवर ठेवला, आणि तिला सांगितलं, आईला सांगू नको. तिनं शहाण्यासारखी मान हलवली.

पहाट उजाडता उजाडता बायकोनं मला हलवलं. "अवो, उठा. तिला आडवं पडवत न्हाय."

मुलगी उठून बसली होती. दोन्ही हात जमिनीवर टेकून, मान पुढे काढून, तोंडानं श्वास ओढत होती. छातीत बारीक आवाज येत होता, चिखलात खेकड्यांच्या बिळांतून ओहोटीला बुडबुडे फुटतात तसा. डोळे पूर्ण मिटलेले, ओठांचा रंग उतरलेला. माझी बहीण शेवटी अशीच बसली होती. अगदी अशीच, हात टेकून.

बैलगाडी जुंपली. बायकोनं तिला छातीशी उभं धरलं होतं, कारण आडवी केली की ती गुदमरायची. चार मैलांचा रस्ता. मी गाडीच्या मागे धावत होतो. आत बसायची हिंमत नव्हती. बायको बैलांवर ओरडत होती, गाडीवान बैलांवर ओरडत होता, आणि मी तोंडातल्या तोंडात देवाला सांगत होतो, सहाशे पंचवीसच असू दे, हजार असू दे, पण श्वास चालू दे. आकड्याचं मला तेव्हा काही वाटेनासं झालं होतं. एवढी अक्कल यायला मला चार मैल धावावं लागलं.

डॉक्टर नुकतेच आले होते, कपाळावर अजून लग्नातलं कुंकू. त्यांनी मुलीला बघितलं, कानातली नळी छातीला लावली, पायावर बोट दाबलं. मग आमच्याकडे वळले.

"काल काय पाजलंत?"

"दोन पेले," बायको म्हणाली. "मी सोता मोजून दिले."

"खोटं बोलू नका. ही पाण्यात बुडतेय. आतून बुडतेय. काय पाजलंत?"

"देवाशप्पत, दोन पेले."

मी भिंतीकडे बघत होतो. मुलीनं श्वास ओढला, थांबली, आणि एकेक शब्द करत म्हणाली, "बाबानी... शहालं... दिलं. दोन."

आईला सांगू नको असं मी म्हणालो होतो. डॉक्टरांना सांगू नको असं म्हणालो नव्हतो. पोर नियमानं वागली.

"आणि तांब्याभर पाणी," मी म्हणालो. आता लपवून काय मिळवायचं होतं. "आकडा चढला होता, डॉक्टर. सहाशे पंचवीस. पातळ करावं म्हटलं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी इथं लिहीत नाही. मला लिहिता येणारही नाही.

डॉक्टरांना मला झापायला वेळ नव्हता. त्यांनी मुलीला बसतीच ठेवली, पाठीला गाठोडी लावली, पाय खाली सोडले. हातापायांना आळीपाळीनं पट्ट्या बांधल्या आणि सोडल्या. मग छातीवरचा पाण्याचा भार हलका व्हावा म्हणून दंडातून सुई घालून रक्त काढलं. एक पिचकारी, दुसरी, तिसरी, आणि ते तसंच मोरीत ओतून दिलं. ज्या रक्तासाठी मी थर्मास मांडीवर घेऊन मुंबईच्या वाऱ्या केल्या होत्या ते मोरीतून वाहून गेलं आणि त्याची डिग्री कुणी विचारली नाही.

दुपारपर्यंत आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होतो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. छातीतला आवाज कमी होतोय की माझे कान थकलेत, ते मला कळत नव्हतं. एकदा तो आवाज थांबला आणि मी ओरडलो. डॉक्टर आतून धावत आले. मुलगी झोपली होती. इतक्या वेळात पहिल्यांदा.

"बाहेर जाऊन बसा," ते मला म्हणाले.

मी पायरीवर जाऊन बसलो. आदल्या दिवशी बसायला हवं होतं त्याच पायरीवर.

दोन दिवस आम्ही डॉक्टरांच्याच पडवीत होतो. बाटली भरेना. तळाला दोन बोटं, तांबूस. बायको ती उजेडात धरायची आणि खाली ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं गादी भिजवली. नुसती भिजवली नाही. गादी, खालची सतरंजी, जमीन. बायकोनं सतरंजी उचलली, पिळली, आणि पिळताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मी धावत डॉक्टरांना बोलवायला गेलो. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले, सतरंजीकडे बघितलं आणि म्हणाले, "उघडलं."

त्यानंतर चार-पाच दिवस मुलगी नुसती मुतत होती. सूज डोळ्यांवरून उतरली, मग गालांवरून, मग पायांवरून. खालून तिचं जुनं, बारीक, हट्टी तोंड वर आलं. माझ्या मुलीला दोन डोळे आहेत हे मला नव्यानं कळलं.

आता गोष्ट संपायला हवी होती. पण डॉक्टरांनी सवयीनं तिसरं रक्त पाठवलं आणि कागद पुन्हा मीच आणला. आठशे तेहतीस. मुलगी खेळत होती, लघवी स्वच्छ पाण्यासारखी दिसत होती, आणि आकडा आणखी चढलेला. मी कागद डॉक्टरांसमोर सरकवला आणि आकड्यावर बोट टेकवलं.

"तुमच्या बांधावर भरतीच्या पाण्याची ओल किती उंच दिसते, ते बघता ना तुम्ही?" ते म्हणाले.

"बघतो."

"ओल उंच आहे म्हणजे भरती मोठी आली होती. पाणी ओसरलं तरी ती दिसते. पण त्यावरून बांध फुटला की राहिला, ते कळतं का?"

"नाही. त्याला बांध बघायला लागतो."

"मग? हा आकडा म्हणजे ती ओल. रक्तात अँटिबॉडी किती उभ्या राहिल्या, म्हणजे घशात जंतू येऊन गेला, एवढंच तो सांगतो. कुणाचा आकडा मोठा आणि मूल ठणठणीत, कुणाचा छोटा आणि मूल हातचं जातं. बांध बघायचा तर लघवी बघा."

"मग मूत्रपिंडं आटायचं ते?"

त्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली. "वर्षभर दर महिन्याला आणा," ते म्हणाले. "वर्षानंतर बोलू."

ते वर्ष आकड्यापेक्षा वाईट गेलं. आकड्याशी निदान भांडता येत होतं. दर महिन्याला डॉक्टर नळी दिव्यावर धरायचे आणि आम्ही दोघं श्वास रोखून उभे. पहिले काही महिने उकळताना थोडा पांढरा धूर उतरल्यासारखा दिसायचा. डॉक्टर म्हणायचे, "आहे थोडं." मग "आहे, पण कमी." मग एकदा काहीच दिसलं नाही आणि आम्ही आनंदात घरी आलो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दिसलं. तिला साधी सर्दी झाली तरी मी तोंड उघडायला लावून घसा बघायचो. सकाळी ती उठायच्या आधी उठून तिच्या पापण्या बघायचो. शेजारच्यांनी कौतुकानं म्हटलं की पोर अंगानं भरली, की मी तिथून उठून जायचो.

वर्षानं, पुन्हा माघ आला तेव्हा, डॉक्टरांनी नळी उकळवली. पाणी स्वच्छ. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरून बघितली, पुन्हा उकळवली. पाणी स्वच्छ. मग दिवा विझवला.

"झालं," ते म्हणाले. "आता हिला मिठाचं खाऊ द्या. आणायची गरज नाही."

बायको खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. मुलगी कपाटातल्या बाटल्या मोजत होती. मला खरं तर हात जोडून निघायचं होतं. पण वर्षभराची भीती अशी एका वाक्यात निघत नाही, ती जाता जाता काहीतरी मागते. मी दारात थांबलो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "एकदा शेवटचं रक्त काढून बघायचं का? आकडा उतरला का, तेवढं मनाला समाधान."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पण त्यांना बोलावं लागलं नाही. वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलणारी माझी बायको डोळे पुसत उठली.

"काढा की," ती डॉक्टरांना म्हणाली, "पन तिचं नको, ह्यांचं काढा. आन अक्कल किती डिग्री हाय ते एकदा बघून सांगा."